कंप नाही, म्हणून काय झालं?

रविवारचा फोन ठरलेला असतो. तुम्ही हिंजवडीच्या नाहीतर ऐरोलीच्या फ्लॅटवर, आई-नाना भडगावला. पाऊस, गिरणेचं पाणी, कपाशीचा भाव, कुणाच्या लग्नाची तारीख असं सगळं बोलून होतं. शेवटी तब्येतीचं विचारलं की पलीकडून उत्तर येतं, 'बठ्ठं बरं शे.' विषय संपला!

पण त्याच फोनमध्ये काही वाक्यं अधूनमधून येऊन जातात. 'हल्ली भरिताचा वासच येत नाही रे.' 'पोट साफ होत नाही, रोज इसबगोल घ्यावं लागतं.' 'नाना झोपेत ओरडतात, लाथा मारतात. मी आता बाहेरच्या खोलीतच झोपते.' 'ते हल्ली कट्ट्यावरसुद्धा जात नाहीत.' आपण एका कानानं ऐकतो आणि म्हणतो, वय झालं आता. बहुतेक घरांत ते खरंही असतं. काही घरांत मात्र ही चारही वाक्यं एकाच आजाराची असतात. पार्किन्सन्सची.

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याला थरथरणारा हात आठवतो. हॉलिवूडचा मायकेल जे. फॉक्स आठवतो, ज्याला १९९१ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी हा आजार असल्याचं कळलं. डॉक्टरही निदान करतात ते हालचालींवरूनच. हालचाल मंदावलेली हवी, आणि सोबत कंप किंवा ताठरपणा. पण कंप अजिबात नसलेलेही बरेच रुग्ण असतात. आणि हालचालींशी ज्यांचा काही संबंध नाही अशा तक्रारी कित्येकदा कंपाच्या खूप आधी घरात आलेल्या असतात.

आधी नाक, पोट आणि झोप

१८१७ मध्ये लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यात बद्धकोष्ठता होती, बिघडलेली झोपही होती. पण सगळ्यांचं लक्ष गेलं ते कंपाकडे, आणि पुढे कितीतरी वर्षं ते तिथंच राहिलं.

आता थोडं सायन्स. या आजारात अल्फा-सायन्युक्लीन नावाचं प्रथिन मज्जापेशींमध्ये चुकीचं दुमडलं जाऊन साचत जातं. जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं की याची सुरुवात वासाशी संबंधित भागात आणि मेंदूच्या अगदी खालच्या भागात होते. हालचाल सांभाळणाऱ्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशींची पाळी नंतर येते. प्रत्येकात हाच क्रम असतो असं नाही. पण कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास आधी जातो आणि हात नंतर थरथरतो, असं का होतं ते यावरून कळतं.

झोपेची गोष्ट तर सगळ्यात बोलकी आहे. स्वप्न पडत असताना आपलं शरीर एरवी जवळजवळ लुळं असतं. ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्नातलं भांडण खरोखरच करतो. ओरडतो, हात-पाय झाडतो, पलंगावरून पडतो. याला आरबीडी म्हणतात. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या झोपेच्या क्लिनिकमधल्या अशा रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी वर्षाला साधारण सहा टक्के लोकांना पुढे पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचा एखादा आजार झालेला दिसला. म्हणजे आईची बाहेरच्या खोलीतली गादी हीसुद्धा डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

मात्र लगेच गुगल करून घाबरू नका, प्लीज! बद्धकोष्ठता घरोघरी असते. वास सर्दीनं जातो, वयानं जातो, कोविडनंतरही कित्येकांचा गेला. एकेकटं लक्षण फार काही सांगत नाही. दोन-तीन एकत्र आली, नवीन आली, आणि सोबत चालताना एक हात हलेनासा झाला, सही बारीक होत गेली, शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला, तर मात्र 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये.

निदानानंतर काय वाढतं, काय नाही

समजा, निदान झालं. लेव्होडोपा सुरू झालं. नाना पुन्हा नीट चालायला लागले, चहाचा कप सांडेनासा झाला. या पहिल्या काही वर्षांना डॉक्टरमंडळी 'हनिमून पीरियड' म्हणतात. घरचे खूश, आपणही खूश. पण हा हनिमून हालचालींचा असतो. बाकीच्या तक्रारींचं वेळापत्रक वेगळंच चालू असतं.

ते समजून घेण्यासाठी फॉक्सच्या फाउंडेशननं २०१० मध्ये पीपीएमआय नावाचा अभ्यास सुरू केला. नुकतंच निदान झालेली, अजून औषध सुरू न झालेली माणसं घ्यायची आणि वर्षानुवर्षं तपासत राहायचं. अशा अभ्यासांतून जे चित्र दिसतं ते सरळ रेषेत वर जाणारं नाही.

वास: बहुतेकांचा निदानाच्या वेळीच बराच गेलेला असतो. पुढे त्यात फार फरक पडत नाही, आणि गोळ्यांनी तो परतही येत नाही. घरात गॅस असेल तर डिटेक्टर बसवून घ्या. शिळं अन्न वासावरून कळणार नाही, हेही लक्षात ठेवा.

पोट, लघवी, रक्तदाब: हे हळूहळू वाढतं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण रक्तदाब पटकन खाली येतो. नाना आधीपासून बीपीची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आडवं असतानाचं आणि उभं राहिल्यावरचं, दोन्ही बीपी मोजायला सांगा.

दिवसाची झोप आणि थकवा: हेही वर्षागणिक वाढू शकतं. याला आळस म्हणू नका.

मन: उदासी आणि चिंता कधी निदानाच्या आधीच आलेली असते, कधी उपचारांनी ओसरते, कधी परत येते. ती चढत्या क्रमानं जात नाही आणि तिच्यावर उपचार आहेत. म्हणूनच 'आजारच असा आहे, उदास होणारच' म्हणून ती सोडून देणं चूक आहे.

डोकं: सुरुवातीला फरक बारीक असतो. एका वेळी दोन कामं जमत नाहीत, हिशेबाला वेळ लागतो. कित्येकांमध्ये तो वर्षानुवर्षं तेवढाच राहतो.

आणि यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हालचाली सुधारल्या म्हणून बाकीचं सुधारलं असं नसतं. लेव्होडोपा डोपामिनची उणीव भरून काढतं. पण या आजारात सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन बनवणाऱ्या पेशी आणि आतड्यांच्या नसाही सापडतात. तिथं वेगळे उपाय लागतात.

गोळीचं आणि घड्याळाचं नातं

काही नव्या तक्रारी आजाराच्या नसतात, औषधाच्या असतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या गोळ्यांमुळे काहींना जुगार, खरेदी, खाणं यांवरचा ताबा सुटतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांमध्ये असं काहीतरी आढळलं होतं. आयुष्यभर पै-पै जोडलेले नाना अचानक मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळायला लागले तर रागावण्याआधी गोळीचं नाव बघा. डोस कमी केला की हे बहुतेकदा आटोक्यात येतं. पण तो डॉक्टरच कमी करतील. पार्किन्सन्सची कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

दुसरं, काही वर्षांनी पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की घाबरल्यासारखं होणं, घाम येणं, अंग दुखणं सुरू होतं आणि गोळी घेतल्यावर थांबतं. घरचे म्हणतात, नाटक करतात. ते नाटक नसतं, आधीच्या गोळीचा असर उतरत असतो. त्या वेळा लिहून ठेवल्या तर डॉक्टरांना डोसचं गणित बसवता येतं.

आणि कुणी कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतं, म्हणजे डोस नकळत वाढतो.

तुमचा रोल काय?

भडगावहून न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं म्हणजे जळगाव, धुळे नाहीतर नाशिक. अख्खा दिवस जातो आणि डॉक्टरांसमोर मिळतात दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत नाना हात पुढे करून दाखवतात आणि बद्धकोष्ठता, झोप, उदासी सांगायची राहूनच जाते. काही सांगायला लाजतात, काहींना ते या आजाराचं आहे हेच माहीत नसतं.

म्हणून एक साधी वही करा. महिन्यातून एकदा सहा ओळी लिहायच्या. पोट, झोप, मूड, चक्कर, थकवा, विसरणं. मागच्या महिन्यापेक्षा बरं, तसंच की वाईट, एवढंच. आणि हे एकट्या नानांना नाही, आईलाही विचारा. रात्रीचं तिलाच माहीत असतं. शिवाय नानांचं सगळं करता करता ती स्वतः किती थकली आहे, हेही त्याच निमित्तानं विचारून होईल.

मदतीला माणसंही आहेत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून चालवलेलं. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. तुम्ही त्याच शहरांत राहता. एखाद्या वीकेंडला मॉलऐवजी तिथं चक्कर टाका. जे आई-नानांना भडगावात बसून कळणार नाही, ते तिथल्या अनुभवी मंडळींकडून तासाभरात कळेल.

हा आजार आज तरी पुरता बरा होत नाही. पण झोप सुधारता येते, पोट सुधारता येतं, उदासी उतरवता येते. आणि रोजचा दिवस कसा जातो हे हाताच्या कंपाइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त, यांच्यावर ठरतं. फक्त हे सगळं कुणीतरी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. पुढच्या अपॉइंटमेंटला एक दिवस सुट्टी टाका आणि वही घेऊन सोबत जा.