बेस्ट सॉफ्टवेअर शोधताय? मग फिल्म कधी कापणार?

शूटिंग उरकलं की शॉर्ट फिल्म अर्धी झाली, असं आपल्याला वाटतं. खरं तर बऱ्याच फिल्म तिथून पुढेच हरवतात. थोडं फुटेज एकाच्या लॅपटॉपवर, थोडं दुसरीच्या मोबाइलमध्ये, थोडं पेनड्राइव्हवर. आणि ग्रुपवर चर्चा एकच, ‘एडिटला कोणतं सॉफ्टवेअर बेस्ट?’ एक म्हणतो प्रीमिअर, दुसरी म्हणते दा विंची, तिसरा म्हणतो, ‘भावा, मॅक घे, फायनल कटशिवाय मजा नाही.’ मग यूट्यूबवर तुलनेचे व्हिडिओ सुरू. रात्री अडीच वाजता झोपताना आपल्याला सहा सॉफ्टवेअरची कुंडली पाठ असते आणि एकही शॉट कापलेला नसतो.

तुमच्याकडेही हेच चाललंय? मग माझी गोष्ट ऐका.

दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही पाच जणांनी एक फिल्म शूट केली. कॉलेजसमोरच्या चहावाल्या काकांना त्यात रोल दिला होता. काकांनी दोन दिवस दुपारची टपरी बंद ठेवली, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. एडिट माझ्याकडे होतं. एका महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी मित्राने पेनड्राइव्हवर आणून दिली. सोबत सूचना, ‘इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद कर.’ मी केला. तीन आठवडे कापत बसलो. स्पर्धेच्या दोन दिवस आधी लॅपटॉप उघडला, तर सगळ्या फाइल्सची नावं बदललेली, एकही उघडेना आणि स्क्रीनवर पैसे मागणारी नोट. बॅकअप नव्हता. मोबाइलमधलं फुटेज तर जागा करायला आधीच उडवलेलं.

पुढे वर्षभर काका विचारायचे, ‘काय रे, आपला पिक्चर कधी?’ शेवटी मी त्या रस्त्याने जाणंच बंद केलं.

म्हणून आता माझं मत पक्कं आहे. सॉफ्टवेअर निवडायला एक संध्याकाळ पुरते. त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर ती निवड नसते, टाळाटाळ असते. आणि क्रॅक कॉपीला दारातही उभं करू नका.

ऑस्करवाले काय वापरतात?

आपल्याला वाटतं, भारी फिल्म म्हणजे भारी सॉफ्टवेअर. बघा हं. ‘पॅरासाइट’ 2020 मध्ये ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, एडिटिंगसाठीही त्याला नामांकन होतं. तो एडिट झाला फायनल कट प्रो 7 वर. ही आवृत्ती ॲपलने 2011 मध्येच बंद केली होती! एडिटरचा हात त्यावर बसलेला होता, त्याने तेच वापरलं. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ला एडिटिंगचं ऑस्कर मिळालं, तो प्रीमिअर प्रोवर कापलेला. आणि 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्ये बनला. ब्लेंडर कुणीही आज फुकट डाउनलोड करू शकतं.

तीन फिल्म, तीन वेगळी सॉफ्टवेअर. यातून एवढंच कळतं, की ज्याच्यावर तुमचा हात बसतो ते चांगलं. आणि हात बसायला त्याच्यासमोर रोज बसावं लागतं.

आधी लॅपटॉपला विचारा

म्हणजे काहीही निवडलं तरी चालेल का? नाही. फक्त प्रश्न बदला. ‘जगात बेस्ट कोणतं’ हे सोडा, ‘माझ्या मशीनवर काय चालेल’ ते विचारा.

दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती खरंच तगडी आहे. मुळात रंगकामासाठी नावाजलेलं हे सॉफ्टवेअर, आता त्यात एडिटिंग, साउंड सगळं होतं. फुकट आवृत्तीतूनही वॉटरमार्कशिवाय 4के फिल्म बाहेर काढता येते. पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि 16 जीबी रॅम हवी. आपल्यातल्या अनेकांकडे आहे 8 जीबीचा, प्रोजेक्ट-असाइनमेंटसाठी घेतलेला साधा लॅपटॉप. त्यावर ते अडखळत चालतं, आणि मग चिडून आपण एडिटिंगच सोडतो. अशा लॅपटॉपसाठी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट बघा. दोन्ही मोफत, दोन्ही ओपन सोर्स, वॉटरमार्क नाही. दिसायला थोडी साधी आहेत, पण दहा मिनिटांच्या फिल्मला लागणारं सगळं त्यात आहे. घरी मॅक असेल तर आयमूव्ही आधीच आत बसलेलं असतं, सुरुवात तिथून करा.

आणि एक शब्द लक्षात ठेवा, प्रॉक्सी. जड फुटेजची हलकी, लहान कॉपी बनवायची, कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटी एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फुटेज वापरतं. रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह, शॉटकट तिन्हींमध्ये ही सोय आहे. ‘माझा लॅपटॉप जुना आहे’ या रडगाण्यावर निम्मा इलाज हाच.

मोबाइलवर शूट केलंय? मग अजून एक भानगड. मोबाइल बऱ्याचदा फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही. टाइमलाइनवर हळूहळू ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातून फुटेज आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटला बदलून घ्या. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण आपलं सॉफ्टवेअरच बंडल आहे म्हणत नवं शोधायला निघतात.

मोबाइलवरच एडिट करणाऱ्यांना मी नाक मुरडणार नाही. एका मिनिटाच्या फिल्मला ते छान पुरतं. फक्त दोन गोष्टी तपासा. फुकट आवृत्ती कोपऱ्यात वॉटरमार्क टाकते का? आणि उद्या ॲप बंद पडलं तर तुमचं काम बाहेर निघेल का? जून 2020 मध्ये सरकारने 59 ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉकसोबत व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचं ॲपही होतं. म्हणून मूळ फुटेज कायम ॲपच्या बाहेर, दोन ठिकाणी ठेवा. दोन म्हणजे दोन. एकाच लॅपटॉपचे दोन फोल्डर नाही!

एका संध्याकाळची परीक्षा

आता ती संध्याकाळ कशी घालवायची? तुमचंच दोन मिनिटांचं फुटेज घ्या. सॉफ्टवेअरमध्ये टाका. दहा कट मारा. एखादा डायलॉग आधीच्या शॉटवर ओढून बघा, म्हणजे मुलगा अजून गच्चीवर उभा दिसतोय आणि खालून आईचा ‘जेवायला ये रे’ आवाज आधीच ऐकू येतो. याला जे-कट म्हणतात, आणि तो करताना तुमची दमछाक झाली तर ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही.

मग मराठीत टायटल टाका. ही पायरी अजिबात गाळू नका. ‘दिग्दर्शन’, ‘ऱ्हस्व’, ‘कृतज्ञता’ असे शब्द टाइप करा. वेलांटी भलतीकडे गेली, जोडाक्षर फुटलं, तर आधी फॉन्ट बदलून बघा. ‘मुक्ता’, ‘बलू’ असे सुंदर देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. तरीही फुटत असेल, तर टायटल दुसरीकडे बनवून चित्र म्हणून आणता येतात, पण सबटायटलसुद्धा मराठीत द्यायची असतील तर हा उद्योग जिवावर येईल. तुलनेच्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये हे तुम्हाला सांगणार कोण? आपल्या भाषेची परीक्षा आपल्यालाच घ्यावी लागते.

शेवटी एक्स्पोर्ट करा आणि मोबाइलवर लावून बघा. आवाज जुळतोय, मजकूर नीट दिसतोय, मशीन बंद पडलं नाही? झालं. सॉफ्टवेअर मिळालं. आता फिल्म पूर्ण होईपर्यंत बदलायचं नाही.

‘पण इंडस्ट्रीत तर...’

हो, मला माहितीये. जाहिरात एजन्सी, लग्नाचे स्टुडिओ प्रीमिअर मागतात, मोठ्या चित्रपटांत ॲव्हिड चालतं. नोकरी त्यातच करायची असेल तर ते जरूर शिका. कॉलेजच्या लॅबमध्ये शिका, विद्यार्थ्यांची सवलत घ्या, ट्रायल वापरा. पण कुठे कापायचं, शॉट किती धरायचा, शांतता कुठे ठेवायची, हे सॉफ्टवेअरबरोबर येत नाही आणि सॉफ्टवेअर बदललं म्हणून जातही नाही. बटणं पंधरा दिवसांत नवी शिकता येतात. मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या कामाला ‘संकलन’ म्हणतात. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये त्याचं स्वतंत्र शिक्षण दिलं जातं. एखाद्या बटणाची जागा शिकण्यासाठी कुणी तिथे जात नाही.

आणि क्रॅकचं म्हणाल, तर माझी वाट लागली हे एक कारण झालं. दुसरं कारण साधं आहे. उद्या तुमची फिल्म कुणी न विचारता उचलून स्वतःच्या चॅनलवर टाकली, तर तुम्हाला राग येईल ना? मराठी पिक्चर थिएटरमध्ये जाऊन बघा, अशा पोस्ट आपणच टाकतो. मग दुसऱ्याच्या मेहनतीचं सॉफ्टवेअर चोरून आपण आपली कला कशी काय सुरू करतो? पर्याय नसता तर वाद घातला असता. आज पर्याय फुकट आहेत.

फिल्म एकट्याची नसते, दोस्तांनो. कुणी सुट्टीचा दिवस दिलेला असतो, कुणी घर, कुणी गाडी, कुणी नुसतं तोंड दाखवायला दोन दिवसांचा धंदा बुडवलेला असतो. ते कुणीच तुम्हाला विचारत नाहीत, की कशावर कापलं. ते विचारतात, कधी दाखवतोस. हार्ड डिस्कमध्ये पडलेलं बेस्ट फुटेज त्यांच्या काहीही कामाचं नाही. साध्या सॉफ्टवेअरवर कापलेली, थोडी ओबडधोबड पण पूर्ण झालेली फिल्म त्यांना मोबाइलवर दाखवता येते.

माझ्या काकांना मी ती कधीच दाखवू शकलो नाही. तुमच्या काकांना तरी दाखवा. आज संध्याकाळी मोकळे आहात ना?