शेवटची दहा पावले

मोबाईलने पोरे बिघडली अशी ओरड घरोघरी चालते. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसते, त्यांना याच मोबाईलने एकट्याने कामावर जाण्याची हिंमत दिली, हेही सांगितले पाहिजे.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. तिला वेगळे पैसे पडत नाहीत. ती सुरू केली की बोट ज्या अक्षरावर टेकेल ते फोन वाचून दाखवतो आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतो. आवाज मराठीतही लावता येतो. मग नकाशाचे ॲप वळणे सांगते, बस कोणत्या थांब्यावर आली ते कळते. कंडक्टरला दहादा विचारण्याची आणि त्याचे तिरसट उत्तर ऐकण्याची पाळी कमी होते. घरात कोणाची नजर अधू झाली असेल, आजीला मोतीबिंदू असेल, तर शाळकरी मुलांनी एवढे तरी शिकवावेच. एका बैठकीत जमणार नाही. आठवडाभर चिडचिड होईल, ती सोसावी.

पण फोन थांब्याजवळ नेतो, थांब्यावर नेत नाही. उपग्रहावरून जागा ओळखण्यात काही मीटरची चूक होते, उंच इमारतींमध्ये ती वाढते. डोळस माणसाला त्याचे काही नाही, तो मान वळवून खांब बघतो. अंध माणूस मात्र दहा पावले अलीकडे उभा राहतो. ड्रायव्हरला वाटते, हा प्रवासीच नव्हे. गाडी निघून जाते आणि इकडे कामावर लेटमार्क लागतो.

अमेरिकेत बोस्टन शहरात याची रीतसर पाहणी झाली. ती 2024 साली प्रसिद्ध झाली. नुसत्या गूगल मॅप्सच्या भरवशावर चालणारे अंध प्रवासी थांब्यापासून सरासरी 7 मीटर दूर राहिले. कॅमेऱ्याने थांब्याची पाटी ओळखणारे ‘ऑल अबोर्ड’ हे ॲप सोबत घेतल्यावर हे अंतर 1.8 मीटरवर आले.

हे ॲप चालते, कारण तिथे पाटी दिसते. आपल्याकडे थांब्याच्या खांबावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक लटकत असतो. (त्यात आपल्याही पुढाऱ्यांचे फलक असतात, बरे का.) कॅमेऱ्याने काय वाचावे?

थांबा सापडला तरी आलेली गाडी कुठली, हा प्रश्न उरतोच. त्यावर दिल्लीच्या आयआयटीत ‘ऑनबोर्ड’ नावाचे यंत्र तयार झाले. प्रवाशाने हातातले बटण दाबले की जवळ आलेल्या गाडीचा नंबर ऐकू येतो. दुसरे बटण दाबले की गाडीच्या दारापाशी आवाज होतो, त्या रोखाने चढायचे. दिल्लीत आणि नंतर मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांवर ते वापरून पाहिले गेले. काही गाड्यांवर भागण्यासारखे हे काम नाही, ते सगळ्या गाड्यांवर हवे. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा सार्वजनिक वाहतुकीत सोयी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. तेव्हा ही मागणी म्हणजे मेहेरबानी नव्हे.

तोवर आपण काय करावे? थांब्यावर पांढरी काठी दिसली की दंड धरून ओढू नये. आलेल्या गाडीचा नंबर आणि ती कुठे जाते ते मोठ्याने म्हणावे. मदत हवी का ते विचारावे, हो म्हटले तर आपला कोपर पुढे करावा. अंध बांधवांनीही दोन्ही कानांत इयरफोन घालू नयेत, एक कान रस्त्यासाठी मोकळा ठेवावा. काठी घरी ठेवण्याइतका भरवसा फोनवर ठेवू नये, त्याची बॅटरी नको त्या वेळीच संपते.

आणि आपल्या थांब्याची पाटी झाकली गेली असेल, तर मंडळाच्या नावाने डेपो मॅनेजरला साध्या कागदावर अर्ज द्यावा. थांब्याचे नाव, कोणत्या बाजूचा तो, आणि गाड्यांचे नंबर स्पष्ट लिहावेत. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नये.