विश्लेषण : औषध चाचणीच्या करारात रुग्ण कुठे असतो?

कंपनीच्या पैशावर रुग्णालयात होणाऱ्या प्रत्येक औषध चाचणीमागे एक करार असतो. इजा झाल्यास जबाबदारी कोणाची आणि पैसे कोणत्या खात्यात जाणार, हे त्यात ठरते. चाचणीत सहभागी होणारा मात्र तो करार सहसा पाहत नाही.

२६ ऑगस्ट २०२० रोजी धनकवडीच्या भारती विद्यापीठ रुग्णालयात ‘कोव्हिशिल्ड’च्या भारतातील चाचणीतील पहिले डोस देण्यात आले. पुढे ससून आणि केईएमसह देशातील १५ केंद्रांवर १,६०० स्वयंसेवक या चाचणीत सहभागी झाले. केंद्रांचे शुल्क ‘आयसीएमआर’ने भरले आणि उर्वरित खर्च सीरम इन्स्टिट्यूटने केला, असे या दोन्ही संस्थांनी तेव्हा जाहीर केले. पैशांची ही वाटणी लोकांसमोर आली, कारण महासाथ होती आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते. एरवी मधुमेहाच्या किंवा कर्करोगाच्या एखाद्या औषधाची चाचणी शहरातल्या रुग्णालयात सुरू होते आणि संपते. तिचा खर्च कोणी आणि किती केला, हे शेजारच्या वॉर्डातही ठाऊक नसते.

करार कोणाकोणात होतो?

पुण्यात चाचण्या करणाऱ्या संस्था एका साच्यातल्या नाहीत. ससूनशी जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय सरकारी आहे. तेथे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासोबत अनेक वर्षे संशोधन सुरू आहे. केईएमचे संशोधन केंद्र शिरूर तालुक्यातील वढू येथेही काम करते. ‘रोटाव्हॅक’ लशीची ६,७९९ बालकांवरील चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि वढू या तीन ठिकाणी झाली होती. भारती विद्यापीठ, डी. वाय. पाटील ही अभिमत विद्यापीठे आहेत, त्यांची रुग्णालये त्यांचीच. करारावर सही करण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळे मिळते.

साधारणपणे करार त्रिपक्षीय असतो. एका बाजूला प्रायोजक कंपनी किंवा तिच्या वतीने काम पाहणारी ‘सीआरओ’, दुसऱ्या बाजूला संस्था आणि सोबत मुख्य संशोधक म्हणून एक डॉक्टर. संस्थेला वगळून थेट डॉक्टरशी करार करणे कंपनीला सोपे वाटू शकते. पण खाट, परिचारिका, प्रयोगशाळा आणि केसपेपर संस्थेचे असतात आणि काही बिघडले तर रुग्ण संस्थेच्याच दारात उभा राहतो.

इंदूरमध्ये हेच घडले. तेथील सरकारी रुग्णालयातील चाचण्यांवरून २०१० च्या सुमारास गदारोळ झाला आणि डॉक्टरांना कंपन्यांकडून परस्पर मिळालेल्या पैशांचा प्रश्न मध्य प्रदेश विधानसभेत पोहोचला. तिथल्याच ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या सुनावणीच्या रेट्यानेच नियम कडक होत गेले.

घासाघीस कशावर होते?

आकड्यांवर होतेच. दहा जणांची तपासणी केली आणि निकषांत चारच बसले, तर उरलेल्या सहा जणांच्या रक्ततपासणीचे पैसे कोण देणार? रुग्णाने तिसऱ्या भेटीनंतर चाचणी सोडली तर पुढच्या हप्त्याचे काय? अनुभवी संस्था हे आधी लिहून घेते. नवखी संस्था नंतर पदरचे घालते.

खरी ओढाताण नुकसानभरपाईच्या कलमावर होते. कंपनीचा मसुदा बहुधा म्हणतो, की संशोधन आराखड्यानुसार काम झाले असेल तरच आम्ही जबाबदार. वाक्य निरुपद्रवी दिसते. पण रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने एक नोंद उशिरा केली, तर तेवढ्यावरून जबाबदारी संस्थेवर ढकलता येते का? विधी अधिकाऱ्याचा पगार अशा वाक्यांसाठीच असतो. निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध करण्याचा संशोधकाचा हक्क शाबूत आहे का, हे तपासणेही त्याचेच काम. कंपनीला हस्तलिखित आधी वाचायला देणे रास्त आहे. प्रसिद्धीवर नकाराधिकार देणे नव्हे.

नियम काय सांगतात?

१९ मार्च २०१९ रोजी अधिसूचित झालेल्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार सहभागी व्यक्तीला इजा झाल्यास मोफत उपचार मिळतात. ती इजा चाचणीशी संबंधित नसल्याचे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेल तोपर्यंत, यातले जे आधी घडेल तोवर. चाचणीमुळे इजा वा मृत्यू झाल्याचे ठरले आणि केंद्रीय नियामकाने आदेश दिला, की ३० दिवसांत भरपाई द्यावी लागते.

मृत्यूच्या भरपाईसाठी चक्क सूत्र आहे. ८ लाख ही मूळ रक्कम, तिला वयाचा घटक आणि आजाराच्या जोखमीचा घटक यांनी गुणायचे आणि ९९.३७ ने भागायचे. जोखमीचा घटक जितका जास्त, तितकी व्यक्ती मुळात निरोगी. ६५ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकासाठी उत्तर येते ३२ लाख, त्याच वयाच्या मरणासन्न रुग्णासाठी ४ लाख. कमाल रक्कम ७३ लाख ६० हजारांच्या आसपास जाते. माणसाच्या जिवाचे असे गणित कोरडे वाटेल, पण त्याआधी रक्कम कंपनीच्या मर्जीवर होती.

सूत्र चालते ते ‘चाचणीमुळेच घडले’ हे मान्य झाल्यावर. नोव्हेंबर २०२० मध्ये चेन्नईतील एका ‘कोव्हिशिल्ड’ स्वयंसेवकाने मेंदूविकाराची तक्रार करत ५ कोटींची नोटीस पाठवली. सीरमने लशीशी संबंध नाकारला आणि उलट १०० कोटींहून अधिक नुकसानीचा दावा करण्याचा इशारा दिला. मुख्य संशोधक आणि नैतिकता समितीनेही संबंध नसल्याचेच म्हटले आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. वैद्यकीयदृष्ट्या कोण बरोबर, हा तज्ज्ञांचा विषय. तक्रार करणाऱ्या स्वयंसेवकाला अब्रुनुकसानीचा धाक दाखवता येऊ नये, असे कलम मात्र संस्था आपल्या करारात घालू शकते. तसे ते घातलेच पाहिजे.

मग पुण्यातील विद्यापीठांनी काय करावे?

नैतिकता समितीपुढे येणाऱ्या कागदांत संशोधकाचा प्रायोजकाशी झालेला करारही असतो. समितीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे आणि अध्यक्षही बाहेरचा असावा, अशी अट आहे. हेतू उघड आहे: चाचणीतून संस्थेला उत्पन्न मिळते आणि उत्पन्न दिसू लागले की नजर मऊ होते. समितीने शास्त्रीय आराखड्याइतकाच वेळ करारालाही द्यावा आणि माहितीपत्रकात रुग्णाला जे आश्वासन दिले आहे, तेच करारात आहे का, हे ताडून पाहावे. दोन्ही कागद वेगवेगळ्या विभागांत तयार होतात, त्यामुळे त्यांत तफावत राहू शकते.

कंपन्यांची तक्रार उशिराची असते आणि तिच्यात तथ्य आहे. समितीची मंजुरी आणि कराराची छाननी एकामागून एक करण्याऐवजी एकाच वेळी सुरू केली तर महिने वाचतील. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नमुना करार ठरलेला आहे आणि तो न बदलता वापरावा अशी अपेक्षा असते, म्हणून प्रत्येक वाक्यावर वाद होत नाहीत. आपल्या सरकारी महाविद्यालयांसाठी वैद्यकीय शिक्षण विभागाने असा एकच नमुना का आणू नये?

पैशांबाबतही तसेच. संशोधनासाठी कंपन्यांनी डॉक्टरांना आणि शिकवणाऱ्या रुग्णालयांना दिलेल्या रकमा अमेरिकेत २०१४ पासून सरकारी संकेतस्थळावर दिसतात. भारतात ‘सीटीआरआय’वर चाचणीची नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. तिथे प्रायोजक, केंद्र, संशोधक आणि समितीच्या मंजुरीची स्थिती कोणालाही पाहता येते. रक्कम आणि करार दिसत नाहीत.

चाचणीत सहभागी होणाऱ्याच्या हाती तोवर एक कागद असतो. माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत त्याला देणे बंधनकारक आहे. भरपाईची तरतूद आणि इजा झाल्यास कोणाशी संपर्क साधायचा, हे त्यात लिहिलेले असावे लागते. ती प्रत मागून घ्यावी आणि घरच्यांना दाखवून ठेवावी.