पिशवीवालीला हाकलण्याआधी

‘या चेन मार्केटिंगवाल्या बायकांना पार्लरच्या दारात उभं करू नका, असं एकदा संपादकीयातून ठणकावून सांगा,’ अशी पत्रं अधूनमधून येतात. लिहिणाऱ्या सगळ्या आपल्याच धंद्यातल्या. तक्रारी तीन. त्या आपलं गिऱ्हाईक पळवतात, त्यांना त्वचेतलं काही कळत नाही, आणि मुळात हा धंदाच फसवणुकीचा आहे.

पहिल्या तक्रारीत दम नाही. शेजारणीकडून लिपस्टिक घेणारी बाई थ्रेडिंगला आपल्याकडेच येते. कासारीण दारोदार बांगड्या भरत फिरायची, तेव्हाही बाजारातली दुकानं चालतच होती.

दुसरीत तथ्य आहे. ‘महिन्यात वांग जाईल’ असं त्या सर्रास बोलून जातात. रोग बरा करण्याचा दावा केला की ते प्रसाधन राहत नाही, औषध ठरतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. पण आपल्याला तर शिकवलेलं आहे ना? गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी अकोल्याहून आली होती. ती क्रीम ब्युटिशियनकडूनच घेतलेली होती. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात सुटं क्रीम भरणारी पार्लरं आपल्या गावात कोणती, हेही आपल्याला ठाऊक असतं. पिशवीवालीच्या डबीवर निदान परवाना क्रमांक, बॅच आणि एक्स्पायरी छापलेली सापडते.

राहिली तिसरी. फसवणूक होते, पण कुणाची?

महिनाअखेर आली की अपलाइनचा, म्हणजे तिला साखळीत जोडणारीचा, मेसेज ग्रुपवर पडतो: लेव्हल टिकवायची असेल तर रात्री बारापर्यंत पॉइंट पूर्ण करा. पिशवीवालीला थोडे कमी पडतात. गिऱ्हाईक तर संपलेलं. बहीण, जाऊ, सोसायटीतल्या बायका, सगळ्यांनी एकेकदा भिडेखातर घेऊन झालेलं. मग ती स्वतःच्याच नावावर दोन डे क्रीम आणि एक फाउंडेशन टाकते. पैसे भिशीचे. फाउंडेशनची शेड अशी की गल्लीत कुणाच्याच रंगाला जात नाही. घरच्यांनी विचारू नये म्हणून माल कपाटात, साड्यांच्या खाली. कंपनीच्या वहीत ही विक्री म्हणून लागते आणि अपलाइनला त्यावर कमिशन मिळतं. या साखळीचं सगळ्यात हुकमी गिऱ्हाईक ती स्वतःच असते.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत कॉस्कॉट नावाची प्रसाधनांचीच कंपनी होती. तिच्याविरुद्धच्या १९७५च्या निर्णयात तिथल्या व्यापार आयोगाने कसोटी घालून दिली: माल विकण्याचा हक्क मिळवायला पैसे भरावे लागतात का, आणि नवी माणसं जोडल्याचा मोबदला खऱ्या ग्राहकाला माल न विकताही मिळतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर तो पिरॅमिड.

आपल्याकडे १९७८चा कायदा आहे, बक्षीस चिट आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा. तो अशी योजना चालवणाऱ्याला पकडतो, तसाच तीत नुसतं सभासद होणाऱ्यालाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे वरच्याने रचलेल्या खेळात जॉइनिंगचे पैसे घालवून बसलेली बाईसुद्धा त्याच कलमाखाली येऊ शकते. २०२१च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले, तेव्हा कुठे भार योग्य खांद्यावर गेला. आता कंपनीला प्रवेश शुल्क घेता येत नाही, करारातून विनादंड बाहेर पडायला मुदत द्यावी लागते, आणि विक्रेतीने विकलेल्या मालाबद्दलच्या तक्रारीला कंपनीच जबाबदार. विक्रेतीवरही बंधनं आहेत: ओळखपत्र जवळ हवं आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. कंपन्यांचा बचाव आम्ही करत नाही. त्यांना वकील परवडतात.

ती यात का येते, हे आपल्याला समजायला हवं. गाळ्याचं डिपॉझिट नाही, वेळेचं बंधन नाही, दुपारी पोरं शाळेत असताना जमतं, आणि ‘बाहेर नोकरी नको’ म्हणणाऱ्या घरातही चालून जातं. ब्युटी कोर्सची फी भरण्याइतके पैसे तिच्या हातात असते तर कदाचित ती आज याच मासिकाची वर्गणीदार असती.

आता पत्रं लिहिणाऱ्यांना जरा झोंबेल असं. आपल्यातल्या कित्येक जणी स्वतःच अपलाइन आहेत. फेस पॅक लावून डोळ्यांवर काकडी ठेवलेल्या, धड उठताही न येणाऱ्या क्लायंटला जॉइनिंगचं गणित ऐकवणारी पिशवीवाली नसते, पार्लरवालीच असते. त्याहून वाईट म्हणजे वॅक्सिंगला ठेवलेल्या हेल्पर मुलीला आपल्याखाली जोडणं. मालकिणीला नाही म्हणायची तिची टाप नसते, आणि पहिल्या ऑर्डरचे पैसे पगारातून वळते होतात.

तेव्हा पिशवीवाली वेळ घेऊन आली तर तिचं ओळखपत्र बघा, कॅटलॉग बघा, हवं तर घ्या, नको तर नको म्हणा. ‘वांग जाईल’ म्हणाली तर तिथेच थांबवा, त्वचारोगतज्ज्ञाकडे कधी पाठवायचं तेही सांगा. आणि आपल्या हेल्परला कुणी जोडलं असेल तर तिचा करार मागवून घ्या. बाहेर पडायची मुदत कोणत्या तारखेला संपते आणि न उघडलेला माल कंपनी परत घेते का, हे तिच्याबरोबर बसून वाचा. मुदत उरली असेल तर परतीचा अर्ज त्याच दिवशी भरा. अपलाइन तुम्ही स्वतःच असाल, तर पगारातून कापलेले पैसे आधी द्या.