पाचव्या दिवशीची चिठ्ठी कुणाच्या कामाची?

रत्नागिरीकरांनो, आणि गणपतीला गावी उतरणाऱ्या चाकरमान्यांनो,

मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो. गेल्या वर्षी गौरी गेल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका वाडीतल्या आजीला ताप भरला. मुंबईचा नातू आल्या दिवसापासून खोकत होता. आजीचं वय 78, साखर आहे, दमा आहे. “काय नाय, पडसं हाय,” म्हणत तिने पेज घेतली आणि गोधडी ओढली. दुसऱ्या दिवशी सलाईन आणि सुई. तिसऱ्या दिवशी डेंग्यू, लेप्टो, मलेरिया, सगळे रिपोर्ट निल. पाचव्या दिवशी मुलगा फ्लूवरच्या ओसेल्टामिवीरची चिठ्ठी घेऊन धापा टाकत माझ्याकडे आला, तेव्हा आजी ऑक्सिजनवर होती. मी दहा कॅप्सूलची स्ट्रिप दिली, रजिस्टरात नाव लिहिलं आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली. ती ‘बघू दोन दिवस’ या आपल्या सगळ्यांच्या सवयीला होती.

आजी वाचली. पण आता खळ्यातल्या तुळशीपर्यंत जायचं तरी तिला भिंत धरावी लागते.

फ्लूचा विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. त्या पेशीपासून सुटाव्यात म्हणून तो एक विकर कात्रीसारखं वापरतो. ओसेल्टामिवीर ही कात्री बोथट करतं. प्रती काढण्याचा जोर असतो पहिल्या दोन-तीन दिवसांत. पुढे धाप लागते ती फुप्फुसाला आलेल्या सुजेने, कधी वरून चढलेल्या जिवाणूंमुळे. म्हणून हे औषध ताप आल्यापासून 48 तासांच्या आत घ्या म्हणतात. अत्यवस्थ रुग्णाला डॉक्टर उशिराही देतात, आणि ते बरोबरच आहे. पण तोवर बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं.

आता सबबी घेऊ. “रिपोर्ट येऊ दे.” 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. त्या साथीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे ए, बी, सी असे गट पाडले. साधा सर्दी-ताप ए गटात: तपासणी नको, हे औषधही नको. धाप, छातीत दुखणं, रक्तदाब घसरणं हे सी गटात: ताबडतोब भरती. मधल्या बी गटात ताप-खोकल्याबरोबर ज्यांचं वय 65 किंवा त्याहून जास्त, ज्या गरोदर आहेत, ज्यांना मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, असे सगळे येतात. त्यांना ओसेल्टामिवीर द्या, तपासणीची गरज नाही, असं त्या सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे. आमची आजी पहिल्या दिवसापासून बी गटात होती.

“औषध मिळतं कुठे?” हे एके काळी खरं होतं. शेड्यूल एक्समध्ये असल्यामुळे खास परवाना असलेल्या मोजक्याच दुकानांत ते मिळायचं. 2017 मध्ये ते एच-1 मध्ये आलं. आता चिठ्ठी दाखवली की साधं दुकानही ते देऊ शकतं.

“फायदा तरी सिद्ध झालाय का?” हा प्रश्न मला आवडतो, कारण तो विचारणारा निदान वाचतो तरी. धडधाकट तरुणाला फार तर एखादा दिवस लवकर बरं वाटतं, वर मळमळ. त्याला देऊच नका. युरोपातल्या 15 देशांत 3,200 हून अधिक रुग्णांवर चाचणी झाली, ती 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सरासरी फरक एका दिवसाचा. पण वयस्क, आधीच आजारी आणि जास्त खंगलेल्या रुग्णांत दोन ते तीन दिवसांचा. म्हातारं माणूस तीन दिवस कमी अंथरुणात राहिलं, तर त्याच्या पायातलं बळ किती टिकतं, हे घरात म्हातारं असलेल्याला सांगायला नको. भरती टळते का, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये गंभीर नसलेल्या फ्लूत जोखमीच्या रुग्णांसाठी ओसेल्टामिवीर बाजूला ठेवून बॅलोक्झाव्हिर सुचवलं. खुशाल सुचवावं. त्यालाही मुदत 48 तासांचीच.

कोविडात आपण हेच भोगलं. 2021 च्या एप्रिलात रेमडेसिविरसाठी नातेवाईक रात्रभर रांगेत होते, रुग्ण आधीच वॉर्डात पडलेले. पुढे तेच इंजेक्शन लस न घेतलेल्या, जोखमीच्या रुग्णांना भरती होण्याआधी तीन दिवस दिलं, तेव्हा भरतीचं प्रमाण 87 टक्क्यांनी घटल्याचं चाचणीत दिसलं. औषध एकच होतं.

माझ्याकडे येऊन चिठ्ठीशिवाय गोळी मागू नका, मी देणार नाही. मूत्रपिंड दुबळं असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. पण म्हाताऱ्यांना ताप आला की कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, वेळ लिहा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रिक्षा वाडीपर्यंत चढत नसेल तर आशाताईंना फोन करा. डॉक्टरांना विचारा: “आमची आजी बी गटात बसते का?”

आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला एकच मागणी. चतुर्थीच्या आठ दिवस आधीपासून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावरच्या फळ्यावर रोज खडूने लिहा: ओसेल्टामिवीर 75, शिल्लक इतक्या.

— एक औषधविक्रेता, रत्नागिरी