कर्ता कोण?

वेल्समधील रेक्सहॅम या फुटबॉल क्लबने २०२२-२३च्या हंगामात पाचव्या स्तराचे अजिंक्यपद मिळवले आणि पंधरा वर्षांच्या वनवासानंतर तो इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये परतला. तेव्हापासून ‘हॉलिवूडच्या दोन नटांनी रेक्सहॅमला वाचवले’ हे वाक्य इतक्यांदा उच्चारले गेले आहे, की त्याचे व्याकरण तपासण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. परीकथा, म्हणे!

रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लब ताब्यात घेतला. पण बुडता क्लब २०११ मध्येच समर्थकांच्या ट्रस्टने हाती घेतला होता. लीगने मागितलेली हमीची रक्कम लोकांनी वर्गणी काढून उभी केली. २०१६ मध्ये याच ट्रस्टने मैदानाचा नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा मिळवला. वाचवणे या क्रियापदाचा कर्ता इथे आहे. नटांनी जे केले त्याला ‘वाढवणे’ म्हणावे; तेही थोडे नाही.

याउलट ‘सगळा पैशाचा खेळ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांचे वाचनही तितकेच आळशी आहे. पैसा होताच. चौथ्या स्तरावर सर्वाधिक गोल करणारा पॉल मलिन २०२१ मध्ये पाचव्या स्तरावर खेळायला येतो, हे पैशावाचून घडत नाही. परंतु तो असूनही पहिल्या पूर्ण हंगामात, घरच्याच मैदानावर, ग्रिम्सबीने ५-४ असे हरवून त्यांची बढती रोखली. पुढच्या वर्षी १११ गुणांचा विक्रम झाला; पण नॉट्स काउंटीचे १०७ गुणही आधीच्या विक्रमाहून अधिकच होते, आणि थेट बढतीची जागा एकच! १० एप्रिल २०२३ रोजी हे दोघे समोरासमोर आले. ३-२ अशी आघाडी, जादा वेळ, आणि काउंटीला पेनल्टी. ती अडवली चाळिशीतल्या बेन फॉस्टरने. निवृत्तीतून परतलेला हा गोलरक्षक २००५ मध्ये, क्लब दिवाळखोरीच्या छायेत असताना, उसना खेळाडू म्हणून याच संघाकडून खेळला होता. कथेला मागचा काळ असतो तो असा. बारा दिवसांनी बोरम वुडला ३-१ असे नमवून बढती निश्चित झाली.

आमच्या मते मात्र या कथेतला सर्वांत नाट्यमय प्रसंग मैदानावर घडलाच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रस्टच्या सभासदांनी मतदान केले आणि ९८.६ टक्के मतांनी, स्वतः जपलेली मालकी स्वखुशीने दुसऱ्याच्या हाती दिली. मालक होते ते प्रेक्षक झाले. गाजलेल्या मालिकेत हे गावकरी भरपूर दिसतात, रडतात, नाचतात, हे मान्य. पण दिसणे वेगळे आणि कर्ता असणे वेगळे, हे मराठीच्या वर्गात तरी वेगळे सांगावे लागू नये. त्या मतदानात त्यांनी काय मिळवले, याचे हिशेब गुणतक्त्यात मिळतात. काय सोडले, ते विचारणारा समीक्षक अजून आमच्या वाचनात आलेला नाही.