दिवस मोजा, माणसे तोडू नका

पावसाळा लागला की भोर-वेल्ह्यात दोन गोष्टी बरोबरच येतात. एक भाताची लावणी आणि दुसरे घरोघरचे ताप-खोकल्याचे दुखणे. फ्लूची साथ आपल्याकडे प्रामुख्याने पावसाळ्यातच जोर धरते. लावणी काही कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे गोळी घ्यायची, ताप दाबायचा आणि दुखणे अंगावर काढत खाचरात उतरायचे, अशी आपली रीत पडली आहे.

इथेच पहिली चूक होते. फ्लूचा रोगी ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून साधारण पाच ते सात दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, आणि त्यातले पहिले तीन-चार दिवस सर्वात वाईट. लहान मुले व अशक्त माणसे याहून अधिक दिवस लागण देतात. गोळीने ताप उतरला म्हणजे लागण संपली असे नव्हे. उघड्या खाचरात धोका त्या मानाने कमी. पण दाटीने भरलेली वडापची जीप आणि पावसाने दारे लावून घेतलेले घर, तिथे एकाचे दुखणे दहा जणांना होते.

दुसरी चूक याच्या उलट. २०२० साली गावोगावी वेशीवर ओंडके-काटे टाकले गेले. पुण्या-मुंबईची आपलीच माणसे शाळेत ठेवली, ते त्या वेळी समजण्यासारखे होते. पण बरे होऊन आलेल्यालाही महिना महिना पाणवठ्यावर कोणी उभे करीना, हे बरे नव्हते. सौम्य कोरोनात लागण साधारण दहा दिवसांत संपते. पुढे कित्येक दिवस तपासणीत विषाणूचे निर्जीव अवशेष सापडतात, पण त्यापासून कोणाला काही होत नाही. म्हणूनच ८ मे २०२० रोजी केंद्राने सौम्य रोग्याला घरी सोडण्यापूर्वीच्या फेरतपासणीची अट काढली. मागे राहिलेला कोरडा खोकला दोन-तीन आठवडे टिकतो. तेवढ्यावरून कुणाला वाळीत टाकू नये.

मग करायचे काय? ताप आल्या दिवसापासून दिवस मोजावेत. निदान पाच दिवस, आणि औषधाशिवाय ताप उतरून एक पुरता दिवस जाईपर्यंत घरी थांबावे. त्यानंतरही आठवडाभर तोंडाला फडके बांधावे, म्हाताऱ्यांपासून व तान्ह्या मुलांपासून लांब राहावे. कोरोना असेल तर दहा दिवस धरावेत. धाप लागली, ओठ निळे पडले किंवा ताप उतरून पुन्हा चढला, तर दिवस मोजत न बसता थेट दवाखाना गाठावा. गरोदर बाई, दमेकरी आणि मधुमेही यांनी तर पहिल्याच दिवशी. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी आपल्या पुण्यातच घेतला, हे विसरून चालणार नाही.

खरी अडचण पोटाची आहे. रोजंदारीवरची बाई पाच दिवस घरी बसली तर चूल कशी पेटणार? याचे उत्तर गावानेच द्यायला हवे. आजारी घराची इरजिकीची पाळी बुडवू नये, पुढे ढकलावी. सरपंच, पोलीस पाटील व आशाताईंनी लावणीपूर्वी एक बैठक घेऊन एवढे ठरवले, तरी पुष्कळ घरे वाचतील. पाच दिवसांची सोय गावाने केली, तर पंचवीस जणांचे पंधरवड्याचे दुखणे टळते. हा हिशेब शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको.